तांबडी वायर

एक ड्रायव्हर होता. गाडी त्याची स्वतःची होती; जुनी सहाचाकी, पण हप्ते फिटलेली. लासलगावात कांदा भरायचा, रात्री कसारा घाट उतरायचा, पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटात रांगेला लागायचं आणि मिळेल ते भाडं घेऊन परत यायचं, असा त्याचा शिरस्ता. माणूस कष्टाळू होता. गाडीला जिवापाड जपायचा. दर अमावास्येला गाडी धुऊन, नारळ फोडून, लिंबू-मिरची बांधल्याशिवाय चाक हलवायचा नाही.

गाडीच्या कडेला चासीवर एक लोखंडी पेटी होती. तिच्यात दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी बसत. ट्रकचं काम चालतं २४ व्होल्टवर आणि बॅटरी येते १२ ची, म्हणून दोन एकीला एक जोडाव्या लागतात. पहिलीचं निगेटिव्ह चासीला, पहिलीचं पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला, आणि दुसरीचं पॉझिटिव्ह सेल्फकडे. बैलजोडीसारखंच ते. दोघींनी मिळून ओढलं तर गाडी उठते.

गाडी घेतली तेव्हा केबिन रिकामी होती. मग त्याने टेप बसवला. टेप १२ व्होल्टवर चालणारा. वायरमनने दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक तांबडी वायर काढली आणि केबिनमध्ये आणून सोडली. पाच मिनिटांचं काम. पुढे त्याच वायरवर छोटा पंखा आला. मग मोबाइलचा चार्जर आला. मग गणपतीच्या तसबिरीभोवतीची दिव्यांची माळ आली. प्रत्येक वेळी वायर हाताशी होतीच. ओझी सगळी लहान होती. ती कुणाच्या अंगावर पडताहेत हे बघण्याइतकं मोठं त्यातलं एकही नव्हतं.

एका पहाटे मार्केटात रांग पुढे सरकली आणि याची गाडी सरकेना. चावी फिरवली तर सेल्फ एकदा कण्हला आणि नुसता टक्‌ टक्‌ वाजत राहिला. मागचे हॉर्न मारू लागले. शेवटी शेजारच्या गाडीवरून वायरी लावून इंजिन चालू केलं. परतीच्या वाटेवर त्याने बॅटऱ्या तपासून घेतल्या. पहिली उतरलेली निघाली. दुकानदार म्हणाला, “हिच्यात दम नाही.” ड्रायव्हरने पहिली काढली, तिथे नवी बसवली. चार महिन्यांत नवीही उतरली.

आता त्याला वाटलं, जुनीबरोबर नवी जुंपली म्हणून असं झालं. त्यात तथ्य होतं. जोडी बदलायची तर दोन्ही बदलाव्यात, एकीच्या वयाची दुसरी असावी, हे जाणते सांगतात. तो दुसऱ्या दुकानात गेला आणि दोन्ही बॅटऱ्या नव्या घेतल्या. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या, एकाच महिन्यात भरलेल्या. जुळ्या बहिणीच जणू. हिशेबाच्या वहीत तो आकडा लिहिताना त्याचा हात जड झाला होता.

घरी त्याला दोन मुलं होती. थोरली मुलगी नववीत, धाकटा मुलगा पाचवीत. मुलीला घरात सगळे ताई म्हणत. तो खेपेवरून आला की ओट्यावर टेकायचा आणि हाक मारायचा, “ताई, पाणी.” आतून आई म्हणायची, “ताई, कणीक मळून ठेव.” आजी म्हणायची, “ताई, माझा चष्मा बघ गं.” धाकट्याचा डबा ताई भरायची, त्याचं दप्तर ताई लावायची, हरवलेला मोजा ताई शोधायची. कुणी तिला जाच करत नव्हतं. सगळ्यांचा तिच्यावर जीव होता. ती हाताशी असायची, एवढंच.

धाकट्याला कुणी काही सांगत नसे. वडील वाशीहून येताना त्याच्यासाठी खाऊ आणत, आजी पदराआड ठेवलेला लाडू देई. तरी तो धुसफुसत असायचा. ताटात आवडीचं नसलं की ताट सरकवायचा, मनासारखं झालं नाही की दार आपटायचा. “लहान आहे अजून,” घरचे म्हणत.

त्या वर्षी सहामाहीत ताईचे मार्क घसरले. बाईंनी आईला बोलावून सांगितलं, “पोरगी हुशार होती हो. हल्ली वर्गात पेंगते.” ड्रायव्हरने ते ऐकलं आणि रात्री तिला रागावला. “काय कमी आहे तुला? दोघांना सारखंच आणतो ना मी?” ती काही बोलली नाही. भांडी घासायला उठली.

नव्या जोडीला पाच महिने होत आले आणि एका रात्री घाट चढून वर आल्यावर तो ढाब्यावर थांबला. जेवला, टेप-पंखा लावून तासभर पडला, उठून चावी फिरवली. टक्‌ टक्‌ टक्‌. तोच आवाज.

ढाब्याच्या अंगाला पत्र्याची एक टपरी होती. तिथे एक म्हातारा बॅटऱ्यांचं काम करायचा. त्याच्या सदऱ्याला पोटापाशी बारीक बारीक भोकं पडली होती. ॲसिडचा थेंब उडतो तेव्हा कळत नाही. कपडा धुतला की तिथे भोक दिसतं. म्हाताऱ्याने कंदिलासारखा दिवा पेटीजवळ आणला, आधी ड्रायव्हरच्या हातातली बिडी काढून लांब फेकली, आणि मग पेटीचं झाकण उघडलं.

“बाबा, यंदाच घेतल्यात दोन्ही,” ड्रायव्हर म्हणाला. “एक उतरते, दुसरी पाणी पिते. कंपन्याच फसवायला बसल्यात.”

म्हातारा बोलला नाही. त्याने एकेका बॅटरीची सहाच्या सहा बुचं उघडली. काचेची नळी घेतली, तिचा रबरी फुगा दाबला आणि पहिलीच्या पहिल्या खान्यातून पाणी ओढलं. आतली तरंगणी जेमतेम वर आली. “अकराशे साठ,” तो म्हणाला. दुसरा खाना, तिसरा खाना, सहाही तसेच. मग दुसरी बॅटरी. तिच्या दोन खान्यांत पाणी इतकं खाली गेलं होतं की प्लेटांची टोकं कोरडी दिसत होती. ज्या खान्यांत पाणी होतं तिथे तरंगणी भसकन वर आली. “बाराशे नव्वद.” भरल्या बॅटरीत बाराशे साठ-सत्तर असावं. दुसरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी फुलली होती आणि तिच्या अंगाला हात लावला तर ती पहिलीपेक्षा गरम लागत होती.

शेजारच्या गाडीवरून वायरी लावून इंजिन चालू केलं. वायरी काढल्या. म्हाताऱ्याने मीटरच्या दोन्ही सुया दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना लावल्या. “वाच.”

“अठ्ठावीस,” ड्रायव्हर म्हणाला. “बरोबरच आहे की.”

“आता एकेकीचं वाच.”

पहिलीवर १२.९ आलं. दुसरीवर १५.१.

“कर बेरीज.”

ड्रायव्हरने केली. अठ्ठावीसच होती.

“डायनामोला बेरीज दिसते,” म्हातारा म्हणाला. “वाटणी दिसत नाही. त्याने २८ पाठवलं, त्याचं काम झालं. इकडे हिचं पोट भरत नाही, आणि तिला भरल्या पोटी वाढणं चाललंय. ही उपाशी राहून खडी धरतेय. ती उकळून उकळून पाणी उडवतेय. दोघी मरणार. एक खंगून, एक फुगून. आणि तू म्हणणार, मालच वाईट.”

“पण दोघी सारख्या होत्या, बाबा.”

म्हाताऱ्याने दिवा खाली धरला आणि मधल्या जोडावरून निघालेली तांबडी वायर बोटावर उचलून दाखवली. तिच्यावर चार ठिकाणी चिकटपट्टी होती. टेपची, पंख्याची, चार्जरची, माळेची.

“ही कुणाच्या अंगावरून गेलीय?”

ड्रायव्हर वायरीबरोबर नजर नेत गेला. वायर मधल्या जोडावरून निघत होती. केबिनमध्ये फिरून तिचं दुसरं टोक चासीला येत होतं. चासीला होती पहिली. म्हणजे टेप वाजायचा तो पहिलीवर, पंखा फिरायचा तो पहिलीवर, आणि रात्रभर गणपतीपुढे माळ लुकलुकायची तीही पहिलीवरच. सेल्फ मारायच्या वेळी मात्र दोघींनी सारखं ओढावं अशी त्याची अपेक्षा होती.

“जवळ पडली म्हणून तिथून घेतली असेल वायरमनने,” तो हळूच म्हणाला.

“जवळ पडते तिच्याकडूनच घेतात सगळे,” म्हातारा म्हणाला.

त्या रात्री गाडी तिथेच राहिली. कांदा वाशीला उतरवून झाला होता, त्यामुळे घाई नव्हती. म्हाताऱ्याने आधी निगेटिव्हची पकड सोडवली, मग पॉझिटिव्हची. बॅटऱ्या उतरवल्या. दुसरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं, प्लेटा बुडून वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढं येईल इतकंच. “ॲसिड नाही घालायचं. उडालंय ते पाणी, ॲसिड आतच आहे.” मग पहिलीला एकटीला चार्जरवर लावलं. काटा सहा अँपिअरवर ठेवला.

“अजून वाढवा ना,” ड्रायव्हर म्हणाला. “सकाळपर्यंत होऊन जाईल.”

“महिन्यांची भूक एका रात्रीत भागवायला गेलास तर प्लेटा वाकतील. पडू दे तिला. उद्या दिवसभर, रात्रभर. मधे मधे बघत राहू.”

ड्रायव्हर दुसरा दिवस तिथेच बाजेवर बसून राहिला. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून त्याने टर्मिनलं घासली, बुरशी फेसाळून निघून गेली. पुसून कोरडी केली. काही काम नसलं की माणूस बघत बसतो. तो त्या बॅटरीकडे बघत बसला. दुपारी तिच्या खान्यांत एखाददुसरा बुडबुडा दिसू लागला. संध्याकाळी बाराशे झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने नळी ओढली आणि म्हणाला, “बाराशे चाळीस. अगदी पहिल्यासारखी नाही व्हायची. पण वेळेत आलास.”

त्याने तांबडी वायर मधल्या जोडावरून कापून टाकली. चोविसाचे बारा करणारा एक छोटा कन्व्हर्टर लावला आणि त्याची वायर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून घेतली, म्हणजे टेप वाजो की पंखा फिरो, भार दोघींवर सारखा. पकडी आवळल्या, या वेळी पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. इंजिन चालू करून मीटर ड्रायव्हरच्या हातात दिला. पहिलीवर १३.९ आलं, दुसरीवर १४.१.

“बेरीज?” म्हाताऱ्याने विचारलं.

ड्रायव्हरने मान हलवली. त्याला दुसरंच काही आठवत होतं.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. तो ओट्यावर टेकला. आत ताई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर तांदळाचं ताट, ताटाच्या कडेला उघडं पुस्तक. आईने हाक मारली, “ताई, मीठ दे गं.” ती उठली, देऊन आली. आजीने हाक मारली, “ताई, चष्मा.” ती परत उठली. धाकटा पलंगावर पाय आपटत होता. त्याचा भोवरा सापडत नव्हता. “ताईऽऽ!”

ड्रायव्हरच्याही तोंडात तीच हाक आली होती. ती ओठांवरच थांबली.

घर असो की गाडी, जो हाताशी असतो त्यालाच हाक जाते. हाक मारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, आणि एकेक हाक इतकी लहान असते की तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. ज्याला हाक जात नाही, तोही त्याने सुखी होत नाही. त्याच्या वाट्याला आलेलं त्याच्याच अंगात उकळत राहतं. रोजची बेरीज मात्र बरोबर भरते, म्हणून घराला काही कळत नाही. कळतं ते घाटात, चावी फिरवल्यावर.

“ताई, तू बस,” तो म्हणाला. मग धाकट्याला हाक मारली. “बाळा, मला पाणी आण.”

धाकटा बघतच राहिला. आपल्याला सांगितलं हे त्याला खरं वाटेना. तिसऱ्या हाकेला तो उठला. तांब्या काठोकाठ भरून आणताना निम्मं पाणी उंबऱ्यावर सांडलं आणि तो रडवेला झाला.

“असू दे. निम्मं आहे ना? आण इकडे.”

त्याने ते निम्मं पाणी सगळं पिऊन टाकलं. रिकामा तांब्या मुलाला परत दिला आणि स्वतः उठून आजीचा चष्मा शोधू लागला. चष्मा फडताळावर होता. मग त्याने ताईच्या मांडीवरचं तांदळाचं ताट उचललं आणि स्वतःच्या पुढ्यात घेऊन बसला. खडे नीट दिसेनात, म्हणून ताट दिव्याजवळ नेलं.

ताईने पुस्तक जवळ ओढलं. पान उलटलं. थोड्या वेळाने आई बाहेर आली तेव्हा तिची मान पुस्तकावर कलंडली होती. आई रागावून पुढे झाली. “बघा, पुस्तक हातात दिलं की झोप!”

“उठवू नकोस,” ड्रायव्हर म्हणाला. “पडू दे तिला.”

त्याने तिच्या गालाखालचं पुस्तक अलगद काढलं आणि तिथे आपला टॉवेल घडी करून ठेवला. दाराशी धाकटा दोन्ही हातांत तांब्या धरून उभा होता. या वेळी त्याने तो अर्धाच भरला होता.