आपापला झेनिथ

इंग्रजीत शिखरासाठी शब्दांची कमी नाही. समिट, पिनॅकल, एपेक्स, पीक. यातला ‘पीक’ आपण मुंबईकरांनी लोकलच्या गर्दीला देऊन टाकला आहे. आता तो माणसांनाही लागतो : ‘तो ना, कॉलेजमध्येच पीक झाला.’ म्हणजे पुढे उतारच. मला मात्र या यादीतल्या एका वेगळ्या शब्दाबद्दल बोलायचं आहे. झेनिथ.

अमुक नट करिअरच्या झेनिथवर होता, असं वाचलं की डोळ्यांपुढे डोंगराचं टोक येतं. पण झेनिथवर चढता येत नाही. तुम्ही जिथे उभे आहात तिथून सरळ डोक्यावर आकाशात जो बिंदू येतो, तो झेनिथ. मराठीत त्याला खमध्य म्हणतात. तुम्ही अंधेरीहून मुलुंडला गेलात की तोही तुमच्याबरोबर सरकतो.

शब्द मूळचा अरबी. ‘सम्त अर-रास’, म्हणजे डोक्यावरचा मार्ग. मध्ययुगात तो लॅटिनमध्ये गेला तेव्हा नकलून घेणाऱ्यांनी ‘एम’ हे अक्षर ‘एन-आय’ असं वाचलं आणि ‘सम्त’चा ‘सेनित’ झाला, असं कोशकार सांगतात. एका टायपोवर अख्खा शब्द शेकडो वर्षं चालतो आहे, हे वाचून माझ्यातल्या प्रोग्रामरला बरं वाटलं. त्याच्या बरोबर विरुद्ध, पायाखालच्या बिंदूला ‘नेडिर’ म्हणतात. तोही अरबीच, ‘नझीर’वरून आलेला. आपल्या ‘नजर’ शब्दाचा धातू तोच.

साहित्यात हा शब्द फार आधीपासून नशिबासाठी वापरला जातो. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये, म्हणजे १६११ च्या सुमारास, प्रॉस्परो आपल्या मुलीला सांगतो की माझा झेनिथ एका शुभ ताऱ्यावर अवलंबून आहे, आणि आत्ता संधी साधली नाही तर नशीब कायमचं उतरणीला लागेल. हे तो म्हणतो तेव्हा त्याचं राज्य जाऊन बारा वर्षं झालेली असतात. मिलानच्या दरबारातल्या कोणालाही विचारलं असतं तर उत्तर आलं असतं की याचा झेनिथ केव्हाच होऊन गेला.

गंमत अशी की लंडनच्या आकाशात सूर्य झेनिथला कधीच येत नाही. ऐन उन्हाळ्यातल्या भर दुपारीही तो तिथे क्षितिजापासून साधारण ६२ अंशांवर थांबतो. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे दिल्लीलाही तो कधी बरोबर डोक्यावर दिसत नाही. मुंबईत मात्र तो वर्षातून दोनदा येतो. मे महिन्याच्या मध्याला, दुपारी साडेबाराच्या जरा पुढे, जमिनीवर सरळ उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली नाहीशी होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. दुसरी खेप जुलैच्या अखेरीस.

यात मला तीन गोष्टी विचार करण्यासारख्या वाटतात.

पहिली म्हणजे, वर्षातला सर्वात मोठा दिवस, २१ जून, हा मुंबईचा झेनिथचा दिवस नाही. तेव्हा सूर्य डोक्यावरून पुढे उत्तरेला गेलेला असतो. सगळ्यात मोठं आणि आपल्या डोक्यावरचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी, मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे निघालेला असतो, म्हणून कुलाब्याची पाळी आधी येते आणि बोरिवलीची एखाद्या दिवसाने नंतर. जुलैत तो परतत असतो, तेव्हा बोरिवली आधी आणि कुलाबा नंतर. पुढे कोण नि मागे कोण, हे सूर्य कुठल्या दिशेने चालला आहे त्यावर ठरतं.

तिसरी, जुलैतला झेनिथ बहुतेक वेळा कोणाला दिसतच नाही, कारण वर पावसाचे ढग असतात. सूर्य ठरल्या वेळी डोक्यावर येतो आणि जातो. खाली आपण छत्री उघडून रिक्षा शोधत असतो.

या तिसऱ्या गोष्टीशी मी बराच अडकलो. माझे बाबा भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर होते. कारखाना बंद पडला तेव्हा ते चाळीस-बेचाळीसचे असतील. नातेवाइकांत तेव्हापासून एक वाक्य ठरलेलं आहे : ‘त्याचे चांगले दिवस तेव्हाच होते.’ बाबा नंतर एका वर्कशॉपमध्ये कमी पगारावर लागले. तिथे येणाऱ्या पोरांना ते लेथ शिकवायचे. त्यातली दोन-तीन पोरं आजही दिवाळीला घरी येतात आणि बाबांसमोर जरा अवघडून बसतात, शिक्षकासमोर बसावं तशी. कारखाना गेला ते नुकसानच होतं. त्याला गोड करून सांगायची मला इच्छा नाही. पण बाबांचा झेनिथ नोकरीत होता की त्या लेथपाशी, हे नातेवाइकांना कसं कळणार? मलाही कळत नाही. त्यांच्या डोक्यावरचं आकाश माझ्या जागेवरून सरळ वर दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं समजूत घालणं झालं. काही शिखरं खरंच एकदाच येतात. वेगवान गोलंदाजाचा खांदा पस्तिशीनंतर ऐकत नाही, आणि भरतीची वयोमर्यादा उलटली की फॉर्म भरता येत नाही. हे खरं आहे. प्रॉस्परोलाही ते माहीत होतं, म्हणून त्याने हातपाय हलवले, ताऱ्याकडे बघत बसला नाही. पण अशा हिशेबाला पीक म्हणा, समिट म्हणा. तिथे सगळ्यांसाठी एकच डोंगर असतो, उंची मोजता येते आणि क्रमांकही लावता येतात. आयुष्याला मात्र झेनिथ हा शब्द लावला, तर त्याची अट पाळावी लागते. तो बिंदू सांगायचा तर आधी विचारावं लागतं : कोण, आणि कुठे उभा आहे?

आपल्या पिढीला दुसऱ्याचा आलेख काढायची फार सवय आहे. लिंक्डइनवर एखाद्याची दोन वर्षांची गॅप दिसली की आपण मनातल्या मनात रेघ खाली ओढतो. सत्ताविशी-अठ्ठाविशीतच स्वतःचीही ओढतो. ‘तो संपला’ हे वाक्य खोटं ठरेलच असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की ते बोलण्यासाठी त्याच्या जागी उभं असावं लागतं, आणि आपण तिथे नसतो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आज सूर्य डोक्यावर आला होता का असं कोणी विचारलं, तर खिडकीबाहेर बघून ‘नाही’ म्हणू नका.