व्यवस्था कोणासाठी?

धर्मसंस्थेचा कारभार गिरणीप्रमाणे किंवा पेढीप्रमाणे चालवावा काय, हा प्रश्न आज पुष्कळांस पडतो. त्याचा विचार करण्यास आपल्या जिल्ह्यातील शिर्डी हे योग्य स्थळ आहे.

तेथे साईबाबा जुन्या मशिदीत राहत, भिक्षा मागत, आणि मिळालेली दक्षिणा वाटून टाकीत, असे त्यांचे भक्त सांगतात. 1918 साली ते निवर्तले. 1922 साली संस्थान स्थापन झाले. पुढे 2004 च्या कायद्याने कारभार सरकारनियुक्त समितीकडे व मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे आला. आता दर्शनाची वेळ आगाऊ ठरविता येते. सूर्याच्या उष्णतेने वाफ करून अन्न शिजविण्याची मोठी यंत्रणा 2009 साली प्रसादालयात बसविण्यात आली, आणि तेथे हजारो लोक विनामूल्य जेवतात.

कोणी म्हणेल, फकिराच्या दारी हिशेब कशाला? हे म्हणणे आम्हांस पटत नाही. हजारोंस जेवू घालावयाचे तर पिठाचे वजन व पंगतीची वेळ ठरलीच पाहिजे. गोंधळात बळकटाचे पोट भरते व म्हातारी उपाशी राहते. परंतु तेथेच शुल्क भरून लवकर दर्शन घेण्याचा पासही मिळतो. त्या पैशाने गरिबांची सोय होते, हे उत्तर पोकळ नव्हे. तथापि ज्याच्या गाठी पैसा नाही तोच अधिक वेळ उभा राहतो, हेही खरे.

मग चांगली व्यवस्था ओळखावी कशी? यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीत काही विधवा वगळल्या जाऊ लागल्या, म्हणून सात जण निवडण्यात आले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तेथे व्यवस्था जन्मली ती वगळलेल्यांसाठी. आमच्या मते हीच तिची कसोटी होय: रांग किती भराभर सरकली हे नव्हे, तर रांगेतील शेवटच्या माणसाचे काय झाले.

शिर्डीकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपल्या उपदेशकाच्या वहीत हजेरीस रकाना आहे, वर्गणीस आहे, भेट दिलेल्या गावांसही आहे. आजारी विधवेच्या उशाशी तो रात्रभर बसला, त्यास रकाना नाही. अहवाल मागताना आम्हीही आकडेच आधी पाहतो, हे कबूल केले पाहिजे. वही टाकून देऊ नये. मात्र येत्या रविवारी हजेरी मांडल्यावर, कोण आले नाही ते पाहावे, आणि सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या दारी जावे.