दोन रविवारांची जाहिरात

सान होजे किंवा सॅन फ्रान्सिस्को ह्यांसारख्या अमेरिकन शहरांतून निघणाऱ्या दैनिकांच्या रविवारच्या अंकात, छोट्या जाहिरातींच्या रकान्यात, एका विशिष्ट घाटाची नोकरीची जाहिरात गेली अनेक वर्षे प्रसिद्ध होत आलेली आहे. टाइप बारीक, मजकूर जेमतेम आठदहा ओळींचा. संगणक-प्रणालीच्या अभियंत्याची जागा भरावयाची आहे. अमुक विषयातील पदव्युत्तर पदवी, शिवाय दोन वर्षांचा अनुभव, आणि त्या अनुभवात अमुक तीन-चार तंत्रांचा समावेश असलाच पाहिजे. इच्छुकांनी आपले अर्ज टपालाने पाठवावेत व पाकिटावर पुढील संकेतांक लिहावा. खाली एखाद्या नामांकित कंपनीचा पत्ता. काही आठवड्यांनी पाहावे तर तोच पत्ता, तशीच जागा, फक्त संकेतांक निराळा. वर्षभराने पाहावे तरी तेच.

जिज्ञासू वाचकाच्या मनात अशा जाहिरातीविषयी तर्कवितर्क सुरू व्हावेत हे स्वाभाविकच आहे. ज्या कंपन्यांनी जगाचा पत्रव्यवहार कागदावरून उठवून पडद्यावर नेला, त्यांनीच उमेदवाराकडून टपाल-तिकीट लावलेले पाकीट का मागावे? जे तरुण नोकरीसाठी वर्तमानपत्राचे पान कधी उलगडीत नाहीत, त्यांच्यासाठी जाहिरात नेमकी तेथेच का द्यावी? त्या जागेवर कोणी टिकतच नसेल, असे एखाद्याला वाटते. कंपनी आपल्या भरभराटीचा देखावा करीत असेल, असे दुसऱ्याला वाटते. आणि नावे-पत्ते गोळा करण्याचा हा उद्योग असावा, अशी शंका तिसऱ्याच्या मनात येते. कॉनन डॉयलने १८९१ साली लिहिलेल्या एका होम्सकथेत तांबड्या केसांच्या माणसांसाठी आठवड्याला चार पौंड पगाराची जागा वर्तमानपत्रातून जाहीर होते, काम म्हणजे विश्वकोशाची नक्कल करीत बसणे, आणि शेवटी उलगडा होतो तो असा की दुकानदाराला रोज काही तास त्याच्या दुकानातून दूर ठेवणे एवढाच त्या नोकरीचा हेतू होता. तळघरातून पलीकडच्या बँकेपर्यंत भुयार खणले जात होते. जाहिरातीत लिहिलेले काम एक आणि तिचे प्रयोजन वेगळेच, हे त्या कथेचे मर्म आपल्या प्रस्तुत प्रकरणालाही लागू पडते. भेद एवढाच की येथे गुन्हेगाराच्या जागी प्रत्यक्ष कायदा उभा आहे.

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्याने असे तत्त्व घालून दिले की, एखाद्या परदेशी इसमास नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचा हक्क द्यावयाचा झाल्यास त्या कामासाठी लायक, राजी आणि उपलब्ध असा देशी कामगार मिळत नाही, असा दाखला श्रमखात्याकडून आधी मिळालेला असला पाहिजे. अपवाद आहेत, पण सर्वसाधारण वाट हीच. २००५ च्या मार्चपासून अमलात आलेल्या नियमांनी ह्या दाखल्याची कार्यपद्धती बारकाईने आखून दिली: पदवीधर व्यवसायातील जागा असेल तर सरकारी सेवायोजन यंत्रणेकडे तीस दिवस तिची नोंद ठेवावी, कामाच्या ठिकाणी सूचनाफलकावर कामाचे दहा दिवस नोटीस लावावी, सर्वसाधारण खपाच्या दैनिकात दोन निरनिराळ्या रविवारी जाहिरात द्यावी, ह्याखेरीज नेमून दिलेल्या दहा मार्गांपैकी आणखी तीन अवलंबावेत, आणि हे सारे कागद पाच वर्षे दप्तरी जपून ठेवावेत. जाहिरातींना मुदत असते. त्या फार जुन्या झाल्या की, साधारणतः एकशेऐंशी दिवसांनंतर, अर्जास निरुपयोगी ठरतात. प्रत्येक परदेशी नोकरामागे हे दोन रविवार येतात, आणि तो मध्येच कंपनी बदलून गेला तर नव्या मालकाला बहुधा पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. जाहिरात वर्षानुवर्षे चालू राहण्याचे कारण हे.

म्हणजे जी जागा भरावयाची म्हणून जाहीर होते तिच्यावर मनुष्य बसलेला आहे. तो तेथे बहुधा काही वर्षे काम करीत आहे, आणि कदाचित तो आपल्या पुण्याच्या वा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून गेलेला असेल. नेमणुकीच्या वेळी त्याच्यापाशी जी पात्रता होती तिच्यापेक्षा अधिक काही मागण्यास सामान्यतः मुभा नसल्यामुळे, आणि तिच्यापेक्षा कमी मागण्यात कंपनीला स्वारस्य नसल्यामुळे, त्या आठदहा ओळी वाचताना रिकाम्या जागेपेक्षा एखाद्या हजर माणसाचेच वर्णन वाचीत असल्याचा भास होतो. जाहिरातीचा खरा वाचक नोकरी शोधणारा नव्हेच. तो श्रमखात्याच्या दप्तरात बसलेला अधिकारी आहे. नागरिकांना उद्देशून बोललेले हे वाक्य खरे पाहता सरकारला ऐकविलेले असते.

हे बोलणे किती दिखाऊ होऊ शकते ह्याचा दस्तऐवजी पुरावा २०२० च्या डिसेंबरात अमेरिकन न्यायखात्याने फेसबुक कंपनीवर गुदरलेल्या फिर्यादीत सापडतो. आरोप सुमारे दोन हजार सहाशे जागांविषयी होता, आणि त्या जागांचा सरासरी वार्षिक पगार सुमारे एक लाख छपन्न हजार डॉलर. फिर्यादीनुसार अशा जागांपैकी ९९.७ टक्के जागांना देशी उमेदवाराचा फार तर एक अर्ज आला किंवा तोही आला नाही. उलट त्याच तोडीच्या ज्या जागा कंपनीने आपल्या नेहमीच्या संकेतस्थळावर जाहीर केल्या होत्या त्यांना प्रत्येकी शंभर किंवा अधिक अर्ज आले. कंपनीने दोष कबूल न करता २०२१ साली तडजोड केली. ॲपल कंपनीशीही अशाच आरोपांबाबत २०२३ साली अडीच कोटी डॉलरांची तडजोड झाली. शंभर आणि शून्य ह्यांतील हे अंतर योग्यतेच्या अभावाने पडलेले नाही. कोठे छापावे आणि अर्ज कसा मागवावा, ह्या दोन निर्णयांनी ते पाडले आहे.

मालकपक्षाचे म्हणणेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. ज्या माणसाला आपण पारखून घेतले, शिकविले, ज्याच्या हाती महत्त्वाचे काम सोपविले, त्याची जागा काही वर्षांनंतर बाजारात मांडून ‘ह्याच्याहून वेगळा कोणी आहे काय’ असे विचारणे कोणत्याही मालकास अस्वाभाविक वाटणार. ज्या वेळी तो तात्पुरत्या परवान्यावर प्रथम आला, त्या वेळी बहुतेक कंपन्यांना हा प्रश्न कायद्याने विचारलाच नव्हता. जेव्हा जागा खरोखर रिकामी होती तेव्हा शोधाची सक्ती नाही, आणि ती भरून गेल्यावर मात्र शोधाचा साग्रसंगीत विधी: कायद्याची मूळ चूक ह्या कालविपर्यासात आहे, आणि तिच्यामुळे सरळ मार्गाने वागू इच्छिणाऱ्या मालकालाही खोटे बोलण्याच्या काठावर आणून उभे केले जाते.

पण सर्वांत दुःखद भाग ह्यापुढेच आहे. समजा, कोणी बेकार झालेला लायक अभियंता ती जाहिरात प्रामाणिकपणे खरी मानतो, पाकीट तयार करतो, संकेतांक लिहितो आणि टपालात टाकतो. त्याची योग्यता निर्विवाद ठरली तर काय होते? दाखल्याचा अर्ज तेथेच थांबतो. परंतु ह्या नियमांत त्या उमेदवाराला नेमण्याचे बंधन मालकावर कोठेही घातलेले नाही. परदेशी नोकराचे कायम वास्तव्य लांबणीवर पडते, कदाचित त्याचे सारे बेत मोडतात, आणि देशी उमेदवाराला नोकरी मिळतेच असे नाही. एकाच्या हातचे गेले ते दुसऱ्याच्या हाती पडले असते, तर निदान त्याला न्यायाचा एक प्रकार म्हणता आले असते. येथे दोन सज्जन माणसे एकमेकांचे तोंडही न पाहता परस्परांची प्रतिस्पर्धी होतात, दोघेही एकमेकांवर रुष्ट होतात, आणि ज्या व्यवस्थेने दोघांना समोरासमोर आणले तिच्याकडे कोणाचीच दृष्टी जात नाही. अमेरिकेत आज भारतीय अभियंत्यांविषयी जो कडवटपणा ऐकू येतो, त्याच्या मुळाशी ह्या न उघडलेल्या पाकिटांचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

हे सारे दूरदेशीचे म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास सक्तीने कळविण्याचा कायदा आपल्याकडे १९५९ साली झाला, आणि त्याच कायद्यात त्या कार्यालयामार्फत नेमणूक करण्याचे बंधन मालकावर नाही असे स्पष्ट कलमही घातले गेले. महाराष्ट्रात शैक्षणिक वर्षाच्या तोंडाशी तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या जाहिराती दरवर्षी त्याच संस्थांच्या, त्याच विषयांच्या निघतात. अशा मुलाखतींना आलेले उमेदवार मी पाहिले आहेत: नेट वा सेट उत्तीर्ण, पहाटेच्या एसटीने निघालेले, मांडीवर झेरॉक्स प्रतींची फुगलेली फाइल, व्हरांड्यातल्या बाकावर आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसलेले, आणि जेवणाच्या सुट्टीत शिपायाच्या सहज बोलण्यातून त्यांना कळते की ‘ते सर गेली चार वर्षे इथेच शिकवतात.’ त्यानंतरही ते उठून जात नाहीत. आत जातात, प्रश्नांची उत्तरे देतात, नमस्कार करतात. नियमाप्रमाणे जाहिरात देणे संस्थेला भागच असते, हे मला मान्य आहे. चार वर्षे तुटपुंज्या मानधनावर राबलेल्या त्या अध्यापकालाच ती जागा मिळावी, हेही मी अन्याय्य मानीत नाही. अन्याय होतो तो परगावाहून आलेल्या उमेदवाराला खरी परिस्थिती आधी न सांगण्यात.

जाहिरातींची सक्ती उठवावी असे मी म्हणणार नाही, कारण ती उठली तर आज निदान दारापर्यंत येणाऱ्या परक्या उमेदवाराला दाराचा पत्ताही मिळणार नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. ज्या जागेवर आधीच कोणी काम करीत आहे तिच्या जाहिरातीत, पात्रतेच्या यादीच्या वर, ‘ह्या जागेवर सध्या एक व्यक्ती कार्यरत असून तीही उमेदवार आहे’ एवढे एक वाक्य छापणे शासनाने आणि विद्यापीठांनी बंधनकारक करावे. ज्या संस्थाचालकांच्या वाचनात हा लेख येईल त्यांनी शासनाच्या आदेशाची वाट न पाहता येत्या जूनच्या जाहिरातीपासूनच ते छापावे, अशी त्यांना विनंती आहे.