समुद्रातला सामू

शिरोळच्या ऊसकऱ्याच्या हाती मातीपरीक्षणाचा कागद आला, की त्याची नजर आधी 'सामू'वर जाते. रसायनशास्त्रातला पीएच तो हाच: 7 ला उदासीन, खाली आम्ल, वर विम्ल. सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ही मोजपट्टी मांडली. मराठी शेतीने तिला इतके घरगुती नाव दिले, की ती बाहेरून आली हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही.

या नावावर एक शाब्दिक कोटी सुचते: सामू असलेला द्रव, तो सामुद्र. व्याकरणात ही फोड टिकणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाचाही मेळ नाही. पण शब्द फोडून अर्थ शोधण्याची हौस फार जुनी. यास्काने निरुक्तात 'समुद्र' शब्दाच्या अनेक व्युत्पत्त्या दिल्या. त्यांतल्या पहिल्या दोन एकमेकींच्या उलट आहेत: ज्यातून पाणी धावत निघते तो समुद्र, आणि ज्याच्याकडे पाणी धावत येते तोही समुद्र. 'द्र'मध्ये दोन्हीकडे धावणेच आहे.

विज्ञानाला मात्र बराच काळ त्यातले येणेच दिसले. एडमंड हॅलीने 1715 मध्ये विचार मांडला: नद्या क्षार आणतात, पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात, तेव्हा खारटपणावरून समुद्राचे वय काढता येईल. 1899 मध्ये आयर्लंडच्या जॉन जोलीने सोडियमचा हिशेब करून उत्तर काढले, 8 ते 9 कोटी वर्षे. पृथ्वीचे वय त्याच्या कितीतरी पट निघाले.

हॅलीचा तर्क चुकीचा नव्हता, समुद्राला लागू पडत नव्हता इतकेच. तो खरा ठरतो लोणारला. त्या सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून तिथला सामू 10 च्या आसपास असतो. शिरोळमध्येही तेच घडते: उसाला पाटपाणी भरमसाट, निचरा नाही, पाणी उडून जाते आणि रान क्षारपड होते. म्हणून तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारांना वाट काढून द्यावी लागते.

मग समुद्राचे लोणार का होत नाही?

उत्तराचा एक धागा पंचगंगेत सापडतो. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, सह्याद्रीचा काळा पाषाण कणाकणाने विरघळवते, आणि त्यातले कॅल्शियम, सोडियम, बायकार्बोनेट नृसिंहवाडीला कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराकडे निघतात. (अरबी समुद्र घाटापलीकडेच असला, तरी कोल्हापूरचे पाणी पूर्वेला जाते.) नद्यांच्या पाण्यात साधारणपणे सोडियमपेक्षा कॅल्शियम जास्त. समुद्रात उलट: एक किलो पाण्यात सोडियम जवळपास 11 ग्रॅम, कॅल्शियम जेमतेम 0.4 ग्रॅम. कारण शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव कॅल्शियम उचलून कवचे बांधतात, आणि ती कवचे तळाशी साचून त्यांची चुनखडी होते. कॅल्शियम समुद्रात सुमारे 10 लाख वर्षे राहते, सोडियम काही कोटी वर्षे. विसाव्या शतकात हा मुक्काम मोजायची रीत पडली, तेव्हा जोलीच्या आकड्याचा अर्थ उलगडला: तो समुद्राच्या वयापेक्षा सोडियमच्या मुक्कामाच्या जवळचा होता.

हे येणे-जाणे, आणि पाण्यात विरघळलेली कार्बोनेटे, यांमुळे समुद्राचा सामू दीर्घकाळ 8.2 च्या आसपास राहिला. औद्योगिक क्रांतीनंतर तो 8.1 वर आला. फरक एका दशांशाचा दिसतो, पण या मोजपट्टीवर प्रत्येक पूर्ण अंकाची पायरी दहापटीची असते; हायड्रोजन आयन सुमारे चतुर्थांशाने वाढले. पाणी अजून विम्लच आहे. तरी धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळला की कार्बोनेट खर्ची पडते, आणि कवच बांधायला तेच लागते. मालवणच्या तिसऱ्यांनाही तेच लागते.

अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर 2007 च्या सुमारास कालवांच्या पैदास केंद्रात पिल्ले पहिले कवच धरण्याच्या दिवसांतच मरू लागली. पाण्याचा उतरलेला सामू हे कारण कळल्यावर तिथल्या लोकांनी शेतकऱ्यासारखा उपाय केला. चोपण जमिनीत जिप्सम घालावे, तसे ते आता समुद्रातून ओढलेल्या पाण्याचा सामू आधी पाहतात, त्यात धुण्याच्या सोड्याची मात्रा घालतात, आणि मगच ते पाणी पिल्लांच्या टाक्यांत सोडतात.