धुराडी दोन दिसतात, तरी तू गप्प

पेणच्या कारखान्यातले तुझे फोटो पाहिले. मूर्तिकार श्वास रोखून गणपतीचे डोळे आखतोय, केसाएवढी रेघ. आणि तुझ्या फोटोत स्पष्ट काय? मूर्तीचा कान! डोळे धूसर. वर म्हणतोस, "सर, कॅमेरा जुना झालाय." नाचता येईना, अंगण वाकडं.

झोर्की-४ आहे तो. १९५६ ते १९७३ या काळात बनला. त्याचं वय तुला काल कळलं का? घेतलास तेव्हा गावभर मिरवलास की! ज्युपिटर-८ लेन्स, ५० मिलिमीटर. एफ/२ ला, मीटरभर अंतरावर जेमतेम चार-पाच सेंटिमीटर स्पष्ट येतात. तेवढ्यात अंतर जुळवणारा रेंजफाइंडर हुकला की फोटो गेला. या कॅमेऱ्यात तू लेन्समधून बघतच नाहीस, वेगळ्या खिडकीतून बघतोस. फाइंडरमध्ये सगळं चकचकीत आणि फिल्मवर बोंब. हे तुला तोंडपाठ आहे. मग कळतं ते वळत का नाही?

गडबला राहतोस ना? गच्चीवर जा. लेन्स अनंतावर लाव आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याचं धुराडं फाइंडरच्या मधोमध धर. रेंजफाइंडरच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या? नसतील, तर आडवी जुळणी बिघडलीय. आता विजेची तार बघ. एक वर, एक खाली दिसते? मग उभीही गेली. अनंताला बरोबर आलं म्हणून हुरळू नकोस, टेप लावून मीटरभरावरही बघ. दहा मिनिटांचं काम. फिल्म लागत नाही, पैसा लागत नाही. पेणच्या कारखान्यात जाण्याआधी केलंस? खरं सांग. धुराडी दोन दिसतात हे तुला ठाऊक होतं. डोळ्यांवर कातडं ओढून बसलास.

आणि बिघडलं कशानं? मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे, आणि कॅमेरा मोटरसायकलच्या डिकीत, साधं फडकंही न गुंडाळता. स्क्रू ढिले होतील नाही तर काय? शटर न चढवताच स्पीडची चकती फिरवतोस. आधी चढवायचं, मग फिरवायचं, हे सांगून माझा घसा सुकला. लेन्सचं टोपण काढून उन्हात ठेवतोस. यात आरसा नसतो रे! ऊन लेन्समधून थेट शटरच्या कापडी पडद्यावर एकवटतं आणि भोक पाडतं. पावसाळाभर कॅमेरा चामडी कव्हरात घालून कपाटात कोंबलास. धरमतर खाडीची ती दमट, खारी हवा, त्यात चामडं. लेन्सला बुरशी धरली की पुन्हा कॅमेऱ्यालाच शिव्या. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढं जमलं नाही?

कॅमेरा जुना म्हणतोस? लायका एम-३ आली १९५४ साली. आजही लोक तिच्यावर काम करतात, कारण वेळच्या वेळी उघडून साफ करून घेतात, वंगण बदलतात, जुळणी तपासतात. तू कॅमेरा-दुरुस्तीच्या कारागिराकडे शेवटचा कधी गेलास? आठवतंय तरी?

नजर आहे तुझ्याकडे. मूर्तिकाराची वाकलेली मान, ब्रश आणि मागं कच्च्या मूर्तींची रांग, ही चौकट तू बांधलीस तशी फार थोड्यांना बांधता येते. म्हणून तर जीव तुटतो. बेताचा असतास तर एक शब्द बोललो नसतो.

रविवारी ये. स्क्रूला हात लावू नकोस, पण अनंताला फरक किती, मीटरला किती, ते वहीत लिहून आण. मग कारागिराकडे आपण दोघं जाऊ. वही कोरी असेल, तर येऊ नकोस.