बस तीच की दुसरी?

एखादी वस्तू हळूहळू बदलत गेली, तरी ती ‘तीच’ आहे असे कशाच्या बळावर म्हणायचे, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. त्याचा विचार करणाऱ्यांनी उदाहरणासाठी वारंवार प्रवासाचे साधन निवडले: भारतात रथ, ग्रीसमध्ये जहाज. ही निवड सहज झालेली नसावी. वाहन चालल्यानेच झिजते, झिजले की दुरुस्त होते, त्याचे भाग बदलतात, माणसे चढतात, उतरतात. तरी मुक्कामाला पोचल्यावर सगळे म्हणतात, ‘याच गाडीने आलो.’ या ‘याच’मध्ये काय दडले आहे, हे पाहण्यासाठी विसाव्या शतकातले एक उदाहरण फार उपयोगी पडते. ते आहे अमेरिकेतल्या एका जुन्या बसचे.

कादंबरीकार केन केसी (१९३५–२००१) कॅलिफोर्नियातल्या ला होंडा येथे राहत असताना त्याने १९३९ सालच्या बनावटीची, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची एक जुनी शाळेची बस विकत घेतली. तिचे फिरते घर आधीच झालेले होते. पूर्वीच्या मालकाचे कुटुंब मोठे, मुले पुष्कळ. त्याने शाळेची बाके काढून झोपण्याच्या फळ्या आणि स्वयंपाकाची सोय करून घेतली होती. केसीच्या मित्रमंडळाने, म्हणजे ‘मेरी प्रँकस्टर्स’नी, ती पुन्हा बदलली. छताला भोक पाडून त्यात कपडे धुण्याच्या यंत्राचा ड्रम बसवला, म्हणजे वर उभे राहून चौफेर पाहता येईल. आत-बाहेर मायक्रोफोन आणि स्पीकर लावले, मागे जनरेटरसाठी फळी जोडली आणि अंगभर रंग फासले. कपाळावर नाव लिहिले ‘फर्दर’, म्हणजे ‘आणखी पुढे’. ते लिहिताना स्पेलिंग चुकले आणि पुढे कधीतरी दुरुस्त झाले. पत्रा, बाके, रंग यांच्याबरोबर नावसुद्धा दुरुस्तीतून सुटले नाही.

१९६४च्या जूनमध्ये ही मंडळी न्यूयॉर्ककडे निघाली. केसीची दुसरी कादंबरी ‘समटाइम्स अ ग्रेट नोशन’ त्याच वर्षी प्रसिद्ध होत होती आणि न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरले होते. गाडी हाकायला नील कॅसडी होता. जॅक केरुआकच्या ‘ऑन द रोड’ (१९५७) या कादंबरीचा नायक याच माणसावरून घडवलेला होता. एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य त्या वेळी कॅलिफोर्नियात बेकायदा नव्हते आणि या प्रवासात त्याचा सढळ वापर झाला. बस घरापासून फार दूर जाण्याआधीच बंद पडू लागली; अ‍ॅरिझोनात वाळूत रुतली; तरी देश ओलांडून न्यूयॉर्कला पोचली आणि परतही आली.

तात्त्विक अडचण सुरू होते ती यानंतर. १९६९ साली वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाला जाऊन आल्यावर ती बस केसीच्या ओरेगनमधल्या शेतावर दलदलीच्या कडेला उभी राहिली आणि गंजत गेली. तिच्यावर शेवाळ चढले, भोवती झाडे वाढली. १९९०मध्ये केसीने १९४७ सालच्या बनावटीची दुसरी बस घेतली, तशीच रंगवली, तेच नाव दिले आणि आपण ‘फर्दर’ घेऊन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे निघालो आहोत असे जाहीर केले. संग्रहालयाने ही बस मूळ नाही असे सांगून ती नाकारली. केसीच्या बाजूने हा गमतीचा भाग होताच, पण त्यात एक दावाही होता: बस म्हणजे पत्रा नव्हे, चालू राहिलेला प्रवास. केसीच्या मृत्यूनंतर २००५ साली जुनी बस ट्रॅक्टरने ओढून दलदलीबाहेर काढण्यात आली. २०१४मध्ये, पहिल्या प्रवासाला ५० वर्षे झाली तेव्हा, देशाच्या रस्त्यांवर धावली ती मात्र दुसरी. एकीकडे सगळे मूळ द्रव्य आहे आणि हालचाल नाही; दुसरीकडे हालचाल, नाव आणि हेतू आहे, पण द्रव्याचा कणही जुना नाही. यांतली ‘फर्दर’ कोणती?

ग्रीक परंपरेत हा प्रश्न प्लुटार्कने लिहिलेल्या थीसिअसच्या चरित्रात येतो. अथेन्सच्या लोकांनी थीसिअसचे तीस वल्ह्यांचे जहाज जतन केले. कुजलेली फळी काढायची आणि तिच्या जागी नवी बसवायची, असे चालले. जहाज तेच राहिले की नाही, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने त्यात भर घातली: कुणी त्या काढलेल्या फळ्या जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर मूळ जहाज कोणते? केसीच्या दोन बसगाड्या हॉब्जच्या दोन जहाजांजवळ जातात, पण एक फरक महत्त्वाचा आहे. अथेन्सचे जहाज एकेक फळीने बदलले. दुसरी ‘फर्दर’ एका झटक्यात उभी राहिली. म्हणजे तिला पहिलीशी जोडणारा धागा लाकडालोखंडाचा नाहीच. तो माणसांच्या स्मृतीचा आणि वहिवाटीचा आहे.

भारतातली चर्चा याच धाग्यापाशी पोचते, आणि ग्रीकांपेक्षा अधिक खोल जाते, कारण इथे रथ हे केवळ उदाहरण आहे. खरा प्रश्न माणसाचा आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात सागल नगरीचा यवन, म्हणजे ग्रीक, राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. इतिहासातला मिनँडर हाच हा मिलिंद, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. सागल म्हणजे आजचे सियालकोट असे मानले जाते. नागसेन सुरुवातीलाच सांगतो की ‘नागसेन’ हे फक्त नाव आहे, त्यामागे कुणी ‘पुरुष’ सापडत नाही. राजा चिडतो. मग चीवर कोण घेतो, शील कोण पाळतो? तुम्हाला कुणी ठार मारले तर तो खून ठरणार नाही का? केस, नखे, दात यांपैकी नागसेन कोणता? नागसेन उलट विचारतो: महाराज, पायी आलात की वाहनाने? रथाने. मग रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ? आस? चाके? सांगाडा? जू? लगाम? प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’. सगळे मिळून? नाही. या सगळ्यांहून वेगळे काही? तेही नाही. मग महाराज खोटे बोलत आहेत, रथ तर कुठेच नाही! तेव्हा राजाला म्हणावे लागते की दांडी, आस, चाके यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव, हा व्यवहार चालतो. नागसेन म्हणतो, ‘नागसेन’चेही तसेच आहे.

हा दृष्टान्त नागसेनाच्याही आधीचा आहे. ‘संयुत्तनिकाय’ या पाली ग्रंथात वजिरा नावाची भिक्षुणी मोहात पाडू पाहणाऱ्या माराला हेच सांगते, आणि नागसेन तिचाच दाखला देतो. पुढे पाचव्या शतकात बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’मध्येही रथ येतो. त्या ग्रंथाच्या संपादनासाठी गोव्याच्या साखवाळात जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) हार्वर्डला गेले होते; त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. ज्ञानासाठी घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास केलेल्या माणसाच्या हातून रथाचा हा दृष्टान्त आधुनिक वाचकापर्यंत यावा, हे मोठे समाधान देणारे आहे.

नागसेनाच्या या मताला कडवा विरोध केला तो नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरी असते. ती अवयवांत समवाय, म्हणजे अतूट, संबंधाने राहते. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातला एक युक्तिवाद अगदी हाताला लागेल असा आहे: धारण आणि आकर्षण. वस्तूचे एक टोक धरले की सगळी वस्तू धरली जाते. एक टोक ओढले की सगळी ओढली जाते. नुसत्या ढिगाचे असे होत नाही. मूठभर वाळू उचलली म्हणून वाळूचा ढीग उचलला जात नाही. २००५ साली दलदलीतून बस बाहेर आली, ते दृश्य या सूत्रावर भाष्य म्हणून वाचता येते. ट्रॅक्टर ओढतो ते एकाच ठिकाणी, पण गंजलेला पत्रा, खिडक्या, सांगाडा असे सगळेच चिखलातून बाहेर येते. इतकी वर्षे कुजूनही ती ढीग झालेली नव्हती.

युक्तिवाद जोरदार आहे, पण त्याची किंमतही मोठी आहे. न्याय-वैशेषिकांच्या काटेकोर मताप्रमाणे अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्यांतून नवा जन्मतो. मग छत कापले त्या दिवशी जुनी बस संपली, ड्रम बसवला तेव्हा आणखी एक निर्माण झाली, आणि न्यूयॉर्कला पोचेपर्यंत किती बसगाड्या झाल्या याचा हिशोबच लागत नाही. ‘तीच बस’ ही ओळख मग सारखेपणावर सोडून द्यावी लागते. म्हणजे ज्या व्यवहाराला बौद्ध नुसते नाव म्हणत होते, त्याच्याच दाराशी नैयायिकही येऊन उभा राहतो.

बौद्धांच्या बाजूने सातव्या शतकात आचार्य चंद्रकीर्तीने रथाची ही तपासणी सात अंगांनी पूर्ण केली. रथ अवयवांशी एकरूप नाही, वेगळाही नाही. तो अवयवांचा मालक नाही. तो अवयवांत नाही आणि अवयव त्याच्यात नाहीत. तो त्यांचा नुसता समूह नाही आणि त्यांचा आकारही नाही. समूह म्हणजे रथ असता, तर सुटे भाग जमिनीवर पसरून ठेवले तरी तो रथच ठरला असता. आकाराचा मुद्दा दुसऱ्या ‘फर्दर’ला थेट लागू पडतो, कारण तोच रंग आणि तोच घाट हाच तर तिचा मोठा दावा आहे. पण चंद्रकीर्तीचा हेतू रथ मोडीत काढण्याचा नाही. तपास केला तर रथ सापडत नाही, तरी लोकव्यवहारात तो आहे, त्यात बसून जाता येते, आणि व्यवहाराला तेवढे पुरते.

कठोपनिषदातला रथ मात्र वेगळ्याच कामाचा आहे. तिथे शरीर हा रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा रथी, म्हणजे रथाचा स्वामी. नागसेन विचारतो, ‘रथ आहे का?’, कठोपनिषद ते गृहीत धरून विचारते, ‘रथ कुणासाठी चालला आहे?’ एका परंपरेत रथ उलगडत गेले की आत कुणी उरत नाही; दुसरीत रथ ज्याचा आहे तो ओळखणे हीच वाटचाल. केसीच्या बसमध्ये सारथी ठळक दिसतो, लगामही दिसतात. रथी मात्र एक नाही. मित्रांची टोळीच तिथे स्वामी आहे. म्हणून बसचा प्रश्न सोडवून भागत नाही. टोळी ही तरी एक वस्तू आहे का, हे पाहावे लागते.

इथे हा सगळा ऊहापोह नीतीच्या प्रांतात येतो. १९६४च्या त्या प्रवासात ह्यूस्टनला एका सहप्रवासी स्त्रीचा मानसिक तोल पूर्ण ढळला, तिला रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि बस पुढे गेली. तिची जबाबदारी कुणाची? चालकाची? बसच्या मालकाची? एलएसडीचा पेला पुढे करणाऱ्याची? की तिची स्वतःची? एकेकाकडे बोट दाखवत गेले तर दांडी, आस, चाके यांच्यासारखे प्रत्येक जण ‘मी नव्हे’ म्हणू शकतो. आणि ‘टोळी’ म्हणावी तर ती वेगळी कुठे दाखवता येत नाही. रथाच्या विश्लेषणाचा असा वापर झाला, तर मिलिंदाचा राग अगदी रास्त ठरतो. कुणीच नसेल, तर अपराधही कुणाचाच नाही.

नागसेनाला ही पळवाट दिसत होती. म्हणून त्याच ग्रंथात पुढे आंब्याचा दृष्टान्त येतो. एक जण दुसऱ्याचे आंबे चोरतो आणि पकडल्यावर सांगतो: याने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. राजा कबूल करतो की चोर तरीही दोषी आहे, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच झाले. रात्रभर जळणाऱ्या दिव्याचेही तसेच. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एक नव्हे, आणि निराळीही नव्हे. एकीच्या आधाराने दुसरी उभी राहते. एकत्वाला स्थिर गाभा नाही, तरी आधाराची साखळी आहे, आणि कर्माची जबाबदारी त्या साखळीवरून चालत येते. बौद्ध विचाराचे खरे बळ इथे आहे. ‘सगळे नावापुरतेच’ या अर्ध्या वाक्यावर थांबणारे वाचक नेमके हेच गमावतात.

या दृष्टीने पाहिले तर ह्यूस्टनमध्ये मागे राहिलेली ती प्रवासी ‘फर्दर’च्या बाहेर गेलेली नाही. तिचे आजारपण त्याच पेल्यातून, त्याच जागरणांतून, त्याच बसमधल्या दिवसांतून उगवले होते. आंबा निराळा असला तरी झाड तेच. १९९०मध्ये नव्या पत्र्यावर जुने नाव रंगवणाऱ्यांनी पहिल्या प्रवासाचा आनंद आणि कीर्ती पुढे आणली, तेव्हा त्याच धाग्याने ह्यूस्टनचे ते रुग्णालयही त्यांच्याकडे आले.