तारामाशाची भूक

किनाऱ्यावर वाळूत अडकलेले हजारो तारामासे आणि त्यातला एकेक उचलून पाण्यात फेकणारा मुलगा, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी कधीतरी पाठवलेली असणारच. इतक्यांतल्या किती जणांना वाचवशील, असं एक जण विचारतो. मुलगा आणखी एक तारामासा फेकतो आणि सांगतो की निदान याला तरी फरक पडला. कॉलेजच्या भाषणांपासून कंपनीच्या ट्रेनिंगपर्यंत ही गोष्ट सगळीकडे चालते.

तिचं मूळ लोरेन आयझली या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाच्या 'द स्टार थ्रोअर' या निबंधात आहे. १९६९ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात तो वाचायला मिळतो. तिथे फेकणारा मुलगा नाही, मोठा माणूस आहे. शिवाय त्याच किनाऱ्यावर आणखी काही माणसं आहेत. ती पहाटे उठून शंख-शिंपले गोळा करतात आणि आतल्या जिवांसकट उकळत्या पाण्यात टाकून साफ करतात. त्यांना शंख आवडतात म्हणूनच ती तिथे आलेली असतात. फॉरवर्ड होता होता गोष्टीतून ही माणसं गळून पडली. मला मात्र प्रश्न त्यांच्याबद्दलच पडतो. आवडणं आणि नासवणं एकाच हातून कसं होतं?

हा प्रश्न आज समजून घ्यायचा तर किनाऱ्यावर जायला नको, खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमचं दुकान पुरेसं आहे. तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत एक निळा तारामासा असतो. शास्त्रीय नाव लिंकिया लिव्हिगाटा. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या प्रवाळांवर तो राहतो. दुकानात येणारा प्रत्येक निळा तारामासा कुठल्यातरी समुद्रातून उचललेला असतो; कोंबडीसारखी त्याची पैदास होत नाही. रंग इतका गडद की फोटोला फिल्टर लावायची गरज पडत नाही.

घेणारा माणूस बेफिकीर असतो असं नाही. उलट हा छंद करणारे लोक भलतेच काटेकोर असतात. एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, तापमान २५ अंशांच्या आसपास, अमोनिया शून्य, हे सगळं ते रोज तपासतात. तारामाशाला नव्या पाण्यात एकदम सोडत नाहीत. बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब त्याच्या भांड्यात सोडत काही तास घालवतात. याला कारण आहे. तारामाशाला रक्त नसतं. त्याच्या अंगात जवळजवळ समुद्राचंच पाणी खेळतं आणि त्या दाबावर त्याचे शेकडो नलिकापाद चालतात. आतलं मीठ बाहेरच्यापेक्षा वेगळं राखण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. म्हणून बाहेरचं पाणी बदललं की तो आतूनच बदलतो. म्हणून तर शाळेच्या पुस्तकात 'कंटकचर्मी' म्हणून भेटलेल्या या संघातला एकही प्राणी गोड्या पाण्यात सापडत नाही. माशांच्या रोगावर दिलं जाणारं तांब्याचं औषधही त्याला विष ठरतं. जाणकार माणूस तेही टाळतो.

एवढं सगळं नीट केल्यावरही काही महिन्यांनी एका बाहूचं टोक मऊ पडतं, पांढरं होतं, झिजू लागतं. मग दोन-तीन दिवसांत सगळा तारामासा विरघळल्यासारखा होतो. मालक पाणी पुन्हा तपासतो, सगळे आकडे बरोबर येतात. कुठलातरी रोग असेल असं म्हणून तो विषय सोडतो.

बहुतेक वेळा ती उपासमार असते. निळा तारामासा खडकांवर धरलेला सूक्ष्मजीवांचा आणि शेवाळाचा पातळ थर खातो. पोट तोंडातून बाहेर काढून तो खडकावर पसरतो आणि तिथेच अन्न पचवतो. समुद्रात त्याला असे खडक मैलोन्‌मैल मिळतात. घरच्या टाकीतला थर तो काही आठवड्यांत चाटून संपवतो. त्यानंतर बाहूंमधल्या ग्रंथींत साठवलेल्या शिदोरीवर जगतो, आणि तीही संपली की स्वतःच्याच शरीरावर. या सगळ्या काळात तो काचेवरून संथपणे चालत असतो, रंग तसाच असतो. पाहुणे म्हणतात, किती शांत आहे.

एकनाथांची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. करुणेची याहून मोठी गोष्ट सापडणं कठीण. पण त्यात एक सोय होती. गाढवाची तहान दिसत होती. ते वाळूत तडफडत होतं, त्याला तोंड होतं, डोळे होते. कुत्रं उपाशी असलं की दाराशी येतं, मांजर पायात घोटाळतं. आपली दया अशा खुणांवर चालते. तारामाशाला चेहरा नाही, आवाज नाही. मेंदूही नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि प्रत्येक बाहूत एक मज्जारज्जू, एवढंच. बाहूंच्या टोकांवरच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांतून तो आपल्याकडे काही मागत नाही. अशा जिवासमोर चांगल्या मनाचा माणूसही आंधळा असतो. खुणाच नसतील तिथे दयेचं काम माहितीला करावं लागतं, आणि ती माहिती पैसे देण्याआधी हवी. सहाव्या महिन्यात कळून उपयोग नसतो.

यावर पहिला आक्षेप असा की मेंदूच नाही तर त्याला दुखतं तरी का? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनने २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनशीलतेचा कायदा केला. त्यात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबरोबर ऑक्टोपस, खेकडे, शेवंडे आले. तारामासा त्या रेषेबाहेर राहिला. पण दुखण्याचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज आहे असं मला वाटत नाही. एखादा जीव आपल्या पद्धतीने जगतोय की हळूहळू संपतोय, हे वेदनेबद्दल काहीच ठरवलं नाही तरी सांगता येतं. उपाशी तारामासा संपत असतो. त्याला तिथे आपण आणलेलं असतं, आणि अन्नापर्यंत चालत जायची वाट आपण काचेने बंद केलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो मायेतून येतो. दुकानातला तारामासा तसाही मरणारच. मग मी त्याला घरी नेऊन निदान चार महिने चांगले का देऊ नयेत? याला तरी फरक पडेल! इथे ती फॉरवर्ड झालेली गोष्ट उलटी फिरते. किनाऱ्यावरचा माणूस एक तारामासा समुद्रात परत टाकतो तेव्हा वाळूत पडलेल्यांतला एक कमी होतो. आपण एक विकत घेतो तेव्हा दुकानदाराच्या वहीत एक विक्री लागते आणि पुढच्या ऑर्डरमध्ये त्याची जागा भरली जाते. समोरच्या एकाला पाहून केलेली दया न दिसणाऱ्या दुसऱ्याला पिशवीत आणते. समोरच्याकडे पाठ फिरवणं निष्ठुर वाटतं, आणि ते तसं वाटायलाही हवं. तरी मी पाठ फिरवीन.

याचा अर्थ तारामासा पाळूच नये असा सरसकट नियम नाही. चॉकलेट चिप म्हणून विकला जाणारा, अंगावर काळपट उंचवटे असलेला तारामासा कोळंबीचा किंवा शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा अंगाखाली ठेवला तर तो खातो. त्याचं पोट भरलं की नाही, हे माणसाला कळू शकतं. मात्र तो प्रवाळ आणि एका जागी चिकटून राहणारे इतर जीवही खातो, म्हणजे त्याच्यासाठी टाकीतली बाकीची शोभा सोडावी लागते. मोठी, जुनी, स्थिरावलेली टाकी आणि शोभेवर पाणी सोडायची तयारी असेल तर हा व्यवहार प्रामाणिक होऊ शकतो.

आणि आणखी एक तारामासा आहे, ज्याला कुणीच विकत घेत नाही. ॲस्टेरिना नावाचे नखाएवढे, मळक्या रंगाचे तारे खडकांबरोबर चुकून टाकीत येतात. त्यांचं तिथे छान चालतं. अंगाचे दोन तुकडे करून ते वाढतात आणि काही महिन्यांत काचेवर सगळीकडे दिसू लागतात. बरेच छंदिष्ट त्यांना उपद्रव समजून चिमट्याने काढून टाकतात. जो जगू शकतो त्याला फेकायचं आणि जो जगू शकत नाही त्याच्यासाठी पैसे मोजायचे! आपलं प्रेम नेमकं कशावर आहे, हे यावरून कळतं.

१९६३ साली रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खडकाच्या एका पट्ट्यातले सगळे तारामासे काढून टाकायला सुरुवात केली. तारामाशांचं भक्ष्य असलेल्या कालवांसारख्या शिंपल्यांनी हळूहळू तो खडक व्यापला आणि तिथे नांदणाऱ्या इतर कितीतरी जाती हद्दपार झाल्या. प्रत्येक तारामासा एवढा मोलाचा असतो असं यातून सिद्ध होत नाही. पण शांत, शोभेचा वाटणारा हा प्राणी आपल्या जागी काहीतरी करत असतो, एवढं नक्की दिसतं. काचेआड त्याला करण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून दुकानात पिशवी हातात घ्यायच्या आधी एकच गोष्ट विचारावी: हा काय खातो, आणि सहाव्या महिन्यात ते माझ्याकडे असेल का? उत्तर 'काहीही खातो' असं आलं, तर पिशवी जागेवर ठेवून द्यावी. निळा रंग पाहायचा मोह उरलाच तर फोनवर पाहावा. तिथे त्याला भूक लागत नाही.